पांधणीवरचं गेट

मॅडमनं सूप हातात घेतलं, उलटं केलं आणि झटकलं. ज्वारी फरशीवर सांडली. पांढऱ्या चकचकीत फरशीवर दाणे घरंगळत पार सोफ्याखाली गेले.

"अहो, कचरा आहे यात," मॅडम म्हणाली. मग आत तोंड करून ओरडली, "झाडू आण गं कुणीतरी."

माय दारात उभी होती. दारात म्हणजे दाराबाहेर, जिथं चपला काढतात तिथं. डोक्यावर पदर, अंगावर सणाची साडी. ती हळूच म्हणाली, "कचरा नाई बाई. नव्या घरात पह्यलं सूप रिकामं नाई देत आम्ही."

मॅडमला ऐकू गेलं नसेल. किंवा गेलं असेल. ती सुपाची पाठ निरखत होती. "मला असं पाठीकडून हवंय. रंगवून भिंतीवर लावायचंय. याला खिळ्यासाठी भोक पाडलं तर फाटणार नाही ना?"

तेवढ्यात माय खाली बसली आणि दाणे वेचायला लागली. उंबऱ्याच्या बाहेर बसून, हात आत घालून. हात पोचेल तिथपर्यंतचे वेचले. सोफ्याखालचे तिथंच राहिले. झाडू घेऊन आलेली बाई मायचा हात बाजूला होण्याची वाट बघत उभी राहिली. मॅडम म्हणाली, "राहू दे मावशी, ती करेल."

मी बाजूला उभी होते. मी तेव्हा चाळिशीला टेकलेली, दोन पोरींची आई. मला राग आला नाही. रडूही आलं नाही. दात काढायच्या आधी डॉक्टर सुई देतो आणि गाल आपला राहत नाही, तसं सगळं अंग झालं होतं. ते काही त्या दिवशी सुरू झालं नव्हतं. बरंच आधीपासून होतं. मी एवढंच म्हणाले, "नाही फाटणार मॅडम." तेव्हा मी त्यांना अहो-जाहो करत होते. इथं करत नाही.

आम्ही बुरड. हिंदीत बसोड म्हणतात. पांढुर्ण्यात दोन्ही चालतं, शिवी म्हणूनही. बांबू फोडायचा, कामट्या काढायच्या, सूप, टोपल्या, तट्टे विणायचे. कुणाच्या घरी मूल झालं की सूप आमच्याकडून जायचं, मयत झाली की तिरडीचा बांबू आमच्याकडून. लेकरू आमच्या सुपात निजायचं आणि आम्हाला पाणी द्यायचं तर वरून ओतायचे. यात कुणाला काही चुकतंय असं वाटायचं नाही. मलाही लहानपणी वाटायचं नाही.

घर नवं बांधलं की मालकीण बुरडणीला बोलवायची. बुरडणीनं सूप आणायचं, त्यात मूठभर ज्वारी टाकून आणायचं. मालकीण ती ज्वारी आपल्या कोठीत टाकायची आणि बुरडणीला कुंकू लावायची. लांबून, हात न टेकवता, पण लावायची. मॅडमचा फोन आला, "नव्या घरासाठी सूप हवंय." मायला वाटलं, त्यासाठीच. सगळी कामं बाजूला टाकून ती त्या एका सुपावर बसली. कामट्या अशा बारीक काढल्या की हाताला लागू नयेत. मॅडमला भिंतीला टांगायला पाहिजे होतं, आणि मायनं कोठीसाठी विणलं. अशी चूक आमच्यातलीच बाई करू शकते.

ते घर अध्यक्षाचं. म्हणजे कॉलनीच्या सोसायटीचा अध्यक्ष, मॅडमचा नवरा. कॉलनीची जागा आधी याच्या बापाची संत्र्याची बाग होती. त्या बागेची संत्री आमच्या टोपल्यांतून निघायची. बागेला लागून आमची वस्ती, दोन ओळी घरांच्या. खालची ओळ बागेच्या कुंपणाशी, वरची ओळ जाम नदीकडे उतार सुरू होतो तिथं. बाग आणि वस्ती यांच्यामधून पांधण जायची, बैलगाडीची जुनी वाट. तिच्यावरून आधी बैलगाडीनं आणि पुढं ट्रकनं बांबू यायचा. दारापर्यंत यायचा. बांबू दारापर्यंत यावाच लागतो. माणसापेक्षा चौपट लांब असतो तो, आणि तो फोडायला घर पुरत नाही, अंगण लागतं.

मग पांढुर्णा जिल्हा झाला. ढोल वाजले, फटाके फुटले, आमच्या वस्तीतही पेढे वाटले. जिल्हा झाला की साहेब येणार, साहेब आले की घरं लागणार. बागेतली झाडं मुळासकट निघाली, फळं लागलेली होती तरी निघाली. मुरूम पडला. प्लॉट पडले. छिंदवाड्याचे, नागपूरचे, इथलेच मोठ्या दुकानांचे लोक आले. आमची खालची ओळ एका सकाळी अतिक्रमण झाली. त्याच्या आदल्या दिवशीपर्यंत ती आमची घरं होती. जेसीबी आला, आणि आमच्या दारातला कडुलिंब तेवढा ठेवला, कारण कॉलनीच्या नकाशात तिथं बसायची बाग होती आणि बागेला सावली पाहिजे होती.

खालच्या ओळीतल्यांना सौंसर रोडला सरकारी फ्लॅट मिळाले. माझी धाकटी बहीण तिथं गेली. दुसरा मजला. नळ आहे, संडास आहे, लाइट आहे. मी खोटं कशाला बोलू, घर चांगलं आहे. फक्त बांबू जिन्यात वळत नाही. तिच्या नवऱ्यानं दोन-तीनदा करून पाहिलं, भिंतीचा रंग खरवडला, खालच्या मजल्यावरच्यांनी भांडण केलं. खाली पार्किंगमध्ये फोडायला बसला तर उठवलं. आता तो रिक्षा चालवतो आणि बहीण याच कॉलनीत फरशा पुसते. ज्वारी झाडायला झाडू घेऊन आलेली बाई तीच. मी आधी सांगितलं नाही. तिथं तिनं आम्हाला ओळख दाखवली नाही, आम्हीही दाखवली नाही.

मी, माय, माझा नवरा, पोरी, आम्ही फ्लॅट घेतला नाही. वरच्या ओळीत काकाच्या घरी शिरलो. वरची ओळ अजून शिल्लक होती. पण तिच्याकडे येणारी पांधण कॉलनीच्या कंपाउंडात गेली होती. तहसिलीत विचारलं तर म्हणाले, नकाशात पांधण दिसत नाही. पिढ्यान्‌पिढ्या गाड्या जाऊन जमिनीला पडलेली चाकोरी त्यांना दिसत नव्हती. कॉलनीनं तिथं लोखंडी गेट बसवलं. मागचं गेट. बांबूचा ट्रक आला की काकानं जाऊन विनवायचं, वॉचमननं कुलूप काढायचं. नदीच्या बाजूनं पायवाट आहे, बकरीपुरती.

दिवाळीनंतर अध्यक्ष स्वतः मागच्या गेटपर्यंत आला. काका, मी, माय गेटच्या अलीकडे. तो पलीकडे.

"सोसायटीत लोक म्हणतात गेट कायमचं बंद करा," तो म्हणाला. "मी थांबवून धरलंय. आता तुम्हीही सोसायटीसाठी काही करा. आम्ही बागेत मेळा घेतोय. लोककला, खाणंपिणं. तू येऊन बस. विणून दाखव लोकांना. मग मला सांगता येईल की हे लोक आपलेच आहेत."

काका लगेच म्हणाला, "येईन ना ती साहेब, कायले नाई येनार." मग माझ्याकडे वळून, "तुले काय कराचं हाय? बसून राह्यचं फक्त."

बसून राहायचं फक्त. मी हो म्हणाले. ट्रक दारापर्यंत येणार असेल तर मी कुठंही बसले असते.

मेळ्याच्या दिवशी मॅडमनं मला आणि मायला जागा दाखवली. कडुलिंबाखाली गोणपाट टाकलं होतं. मी बसले आणि मला कळलं कुठं बसलेय. बुंध्यापासून चार हातांवर आमचा उंबरा होता. मी जिथं बसले होते तिथं मायची चूल होती. मायलाही कळलं. तिनं गोणपाट जरा सरकवून घेतलं, चुलीवर बसायला नको म्हणून. खाली फक्त लॉन होतं.

झाडाला बोर्ड टांगला होता. "बुरुड कारागीर. जिवंत प्रात्यक्षिक." माझी थोरली पोरगी आदल्या दिवशी गेटमधून वाचून आली होती. तिनं मला विचारलं होतं, "जिवंत कायले लिवलं, आई?"

मॅडमनं मला वरून खाली पाहिलं. "नऊवारी नाही का तुझ्याकडे? ही साडी ओरिजिनल वाटत नाही." माझ्या अंगावर सौंसरच्या बाजारातली फुलांची सिंथेटिक होती. मी सांगितलं, आमच्यात आता म्हाताऱ्याही नऊवारी नेसत नाहीत. तिचं तोंड उतरलं. मग म्हणाली, "बरं, निदान मोबाइल तरी आत ठेव." मी मोबाइल कमरेला खोचला. बुरडणीच्या पोटी जन्मून, चाळीस वर्षं काढून मी ओरिजिनल निघाले नाही.

लोक येत होते. वाकून बघत होते, फोटो काढत होते. माझ्या शेजारी बसून फोटो काढायचे, शेजारी म्हणजे गोणपाटाच्या बाहेर. एका लेकरानं विणत असलेली टोपली धरली, तर त्याची आई म्हणाली, "हात नको लावू बाळा, काडी घुसते." बरोबर होतं तिचं, काडी घुसते. पण त्याच लेकराचं पाहुणे कौतुक करत होते आणि कुणीतरी सांगत होतं की त्याच्या बारशाला खास सूप आणलं होतं. मी विणत होते. बोटं आपली आपण चालत होती. कुणी काय म्हणालं ते ऐकू येत होतं आणि आत काही उमटत नव्हतं. माइकवरचा माणूस म्हणाला, "आपल्या मातीतली कला, लुप्त होत चाललेली." मी मान वर करून पाहिलं. लुप्त कुठं होऊन राहिली होती, ती तर त्याच्यासमोर मांडी घालून बसली होती.

मायला तहान लागली. खाण्याच्या मंडपात पाण्याचे मोठे कॅन ठेवले होते, नळ लावलेले. माय उठून गेली. वाढप्यानं तिला थांबवलं आणि म्हणाला, "मावशी, तुमचं तिकडं ठेवलंय." तिकडं म्हणजे झाडामागं, एक वेगळी कळशी आणि एक प्लास्टिकचा मग. माय तिकडं गेली आणि प्यायली. परत आली. माझ्याकडे न बघता बसली.

ऊन उतरलं, तसा अध्यक्ष चार-पाच पाहुण्यांना घेऊन आमच्याजवळ आला. पाहुण्यांतला एक जण कुठलातरी मोठा अधिकारी होता, कारण अध्यक्ष त्याच्या अर्धं पाऊल मागं चालत होता. "ही आपली कलाकार," तो म्हणाला. "अगं, ऊठ जरा. तुला काम देतो."

मी उठले. तो आम्हाला मागच्या गेटपाशी घेऊन गेला. गेटच्या पलीकडं आमची वरची ओळ. काकाच्या भिंतीला टेकवलेल्या टोपल्या. दोरीवर माझ्या धाकट्या पोरीचा शाळेचा फ्रॉक. चूल पेटलेली होती, धूर निघत होता.

"बघ," अध्यक्ष म्हणाला. "या गेटला आणि इथून त्या कोपऱ्यापर्यंत कंपाउंडला तुझे तट्टे लावायचे. उंच. छान विणून दे, डिझाइनमध्ये. बागेत बसलं की पलीकडचं सगळं दिसतं. पाहुण्यांना बरं नाही वाटत."

पाहुणा म्हणाला, "इको-फ्रेंडली पण होईल."

मी विचारलं, "गेटला तट्टा लावला तं उघडन कसं?"

"उघडायचं कुठं आहे आता?" अध्यक्ष हसला. "सोसायटीनं ठराव केलाय, मी तरी किती दिवस थांबवू? गेट राहील ना, काढत नाही आम्ही. बंद राहील एवढंच. ट्रकचं तुम्ही नदीकडून बघा काहीतरी."

नदीकडून. तिथून बकरी येते.

मागून माय आली होती. तिनं सगळं ऐकलं. आणि माझ्याआधी तीच बोलली. हात जोडून म्हणाली, "करून देऊ साहेब. चांगले करून देऊ."

त्या क्षणी काय झालं ते मला नीट सांगता येत नाही. कुठं वीज वगैरे चमकली नाही. मी मायचे जोडलेले हात पाहिले. मग गेटमधून पलीकडं पाहिलं, माझ्या पोरीचा फ्रॉक पाहिला. आपल्याला काय करायला सांगितलंय ते मला एकदम साधं, स्वच्छ कळलं. आमची घरं यांच्या डोळ्यांना खुपतात. म्हणून ती झाकायची. आणि झाकणारी भिंत आम्हीच विणायची, आमच्या बांबूची, आमच्या हातानं, छान डिझाइनमध्ये. इतकी वर्षं बधिर होतं ते अंग तेव्हा दुखलं. छातीत खरोखर दुखलं. मला बरं वाटलं, दुखतंय म्हणून.

"नाई," मी म्हणाले. "मी नाई विनत."

अध्यक्षाला वाटलं मी भाव वाढवतेय. "अगं, फुकट नाही मागत मी."

"फुकट नाई, अन् पैशानं बी नाई. आमचं घर तुमाले दिसते म्हून पडदा आमीच विनाचा का?"

माय माझा पदर ओढत होती. "हो म्हन वो. गेट जाईन."

"गेट गेलं, माय. आत्ताच सांगतलं ना त्यानं."

'त्यानं' म्हणाले मी. पाहुण्यांदेखत. अध्यक्षाचं तोंड बदललं. मगाचं आपलेपण कुठल्या कुठं गेलं. "यांना वर घ्यायला जावं तर हे असं," तो पाहुण्याला म्हणाला. माझ्याकडे बघून म्हणाला, "माझ्या बापाच्या बागेवर जगलात तुम्ही लोक. विसरू नको."

मी म्हणाले, "आमच्या टोपलीत गेलं तुमचं संत्रं. तुमी बी नोका विसरू."

मग मी कडुलिंबाकडं परत गेले. कोयता घेतला. दाखवायला आणलेला अख्खा बांबू होता, तो खांद्यावर घेतला. कारागिरांनी मागच्या गेटनं जायचं असं सकाळी बजावलं होतं. मी पुढच्या गेटनं निघाले. खुर्च्यांमधून, मंडपातून. लांब बांबू खांद्यावर असला की माणूस सरळच चालतो, वळलं की कुणाला तरी लागतो. लोक बाजूला होत गेले. मोठ्या गेटात एक कार आत येत होती, ती थांबली. मॅडमनं माइकवाल्याला गाणं लावायला सांगितलं. माझी बहीण हातात कागदी प्लेटांची थैली घेऊन मंडपाच्या कडेला उभी होती. या वेळी ती माझ्याकडे बघत राहिली, मीही तिच्याकडे पाहिलं.

माय माझ्या मागं आली नाही. ती मागच्या गेटनं, सांगितल्याप्रमाणे, घरी गेली.

वस्तीत कुणी माझी पाठ थोपटली नाही. काका म्हणाला, "तुह्या तोंडानं आमचं पोट मारलं." मी आले की बायका पाण्यावर गप्प व्हायच्या. अध्यक्षानं तट्टे नागपूरहून आणले, मशीनचे, आणि गेटला आणि कंपाउंडला ठोकले. गेटला साखळी, साखळीला कुलूप, वर तट्टा. आता बागेतून आम्ही दिसत नाही. आमच्याकडून दिसते ती तट्ट्याची मागची बाजू, कच्ची विणलेली. मी एकदा जवळ जाऊन पाहिली. पहिल्या पावसाळ्यात सुटेल. पण ते काही समाधान नाही, ते सुटले तर तो दुसरे आणेल, नाही तर भिंत बांधेल.

बांबू संपत आला. काकानं आणि माझ्या नवऱ्यानं बकरीच्या वाटेनं, नदीच्या उतारावरून एक-एक बांबू खांद्यावर आणून पाहिला. काका घसरला. तेव्हापासून त्याचा गुडघा धरलेला आहे आणि तो माझ्याशी बोलतो ते फक्त शिव्या द्यायला. बहीण म्हणते, "सोड ना वो आता. तिकडं ये रायाले. तुह्या पोरी तरी शिकतीन." ती वाईट सांगत नाही. तिची पोरं खरंच शिकतात. मी तिला म्हणाले, पोरी माझ्याही शिकतील. पण आपण निघून गेलो म्हणून पांधण नव्हतीच, असं मी होऊ देणार नाही.

मला बांबूची फार माया आहे असं नाही. हात फाटतात, पाठ जाते, मिळतं थोडं. माझ्या पोरींनी हे करू नये असंच मला वाटतं. त्यांना सोडायचं तर त्या आपल्या मर्जीनं सोडतील. कुणीतरी कुलूप लावलं म्हणून नाही. आणि मला लाज वाटते ती याची की मला एवढं समजायला चाळीस वर्षं आणि मायचे जोडलेले हात लागले.

उद्या ट्रक आहे. बांबूच्या डेपोतून निघाला की ड्रायव्हर मला फोन करणार. त्याला मी सांगून ठेवलंय, मागं जाऊ नको, नदीकडं जाऊ नको. मोठ्या रस्त्यावर, कॉलनीच्या पुढच्या गेटासमोर थांब. सगळा माल तिथं उतरव. तो म्हणाला, "बाई, लफडं होईन." मी म्हणाले, "होऊ दे."

तो रस्ता सरकारी आहे. मी तिथं बसणार, साहेबांच्या गाड्या जातात-येतात तिथं, आणि बांबू फोडणार. कुणाला दाखवायला नाही, काम म्हणून. नवरा येतो म्हणतो. माय येत नाही म्हणते, म्हणते मी आता कुणाच्या दारात बसत नाही. काका येणार नाही. कोणी नाही आलं तरी मी बसणार. पोलीस उठवतील, मी परत जाऊन बसेन. माल उचलून नेला तर दुसरा उतरवेन. अध्यक्ष येईल, मॅडम येईल, कुणीतरी समजूत घालायला येईल, एखादा मेळा, एखादं काम घेऊन येईल. त्या सगळ्यांना मी एकच सांगणार आहे. कुलूप काढा, ट्रक माझ्या दारात जाऊ द्या, मी उठते. त्याआधी नाही.